मणिकर्णिकेचा डोमराजा आणि पद्मश्री : लोकसेवेच्या राष्ट्रीय सन्मानाची घडण

वाराणसी : प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला, २५ जानेवारी २०२१ रोजी, केंद्र सरकारने त्या वर्षीच्या पद्म पुरस्कारांची यादी जाहीर केली. ७ पद्मविभूषण, १० पद्मभूषण आणि १०२ पद्मश्री असे एकूण ११९ सन्मान त्या यादीत होते. समाजकार्य या क्षेत्रातील पद्मश्रींमध्ये महाराष्ट्रातून सिंधुताई सपकाळ आणि गिरीश प्रभुणे यांची नावे होती. त्याच क्षेत्रात उत्तर प्रदेशातून एक नाव मरणोत्तर होते, ते म्हणजे काशीच्या मणिकर्णिका घाटाचे डोमराजा जगदीश चौधरी यांचे.

काशीला राष्ट्रीय सन्मान नवे नाहीत. तत्त्वज्ञ भगवानदास यांना १९५५ मध्ये, शहनाईनवाज उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांना २००१ मध्ये आणि काशी हिंदू विश्वविद्यालयाचे संस्थापक पंडित मदनमोहन मालवीय यांना २०१५ मध्ये मरणोत्तर भारतरत्न मिळाले. ठुमरीगायिका गिरिजादेवी, तबलावादक किशन महाराज आणि गायक छन्नूलाल मिश्र पद्मविभूषणाचे मानकरी ठरले. विद्या आणि संगीत ही या नगरीची मान्यताप्राप्त दालने होत. जगदीश चौधरी यांच्या रूपाने या सन्मानपरंपरेत प्रथमच स्मशानात चिता रचणाऱ्या समाजातील माणसाचे नाव ठळकपणे नोंदले गेले. त्यामुळे राष्ट्र आपल्या नागरिकाचा लोकसेवेसाठी सन्मान करते म्हणजे नेमके काय करते, हे समजून घेण्यासाठी हे उदाहरण विशेष उपयोगी आहे.

घाट आणि त्याचा राजा

गंगेच्या डाव्या तीरावरील मणिकर्णिका हे काशीचे महास्मशान. येथे देह ठेवणाऱ्यास मोक्ष मिळतो, या श्रद्धेने देशभरातून पार्थिव येथे आणले जाते. दहन दिवसरात्र चालते. महाराष्ट्राचा या घाटाशी जुना ऋणानुबंध आहे. काशी विश्वनाथाचे सध्याचे मंदिर १७८० मध्ये उभारणाऱ्या अहिल्याबाई होळकर यांनी मणिकर्णिका घाटाच्या बांधकामालाही हातभार लावला. काशीत जन्मलेल्या मोरोपंत तांबे यांच्या कन्येचे नाव याच तीर्थावरून ‘मणिकर्णिका’ ठेवले गेले. पुढे ती झाशीची राणी लक्ष्मीबाई म्हणून ओळखली गेली.

घाटावरील दहनाची व्यवस्था परंपरेने डोम समाजाकडे आहे. मुखाग्नी मृताचा नातलग देतो. पण तो अग्नी डोमांनी सांभाळलेल्या अखंड धुनीतूनच घ्यावा लागतो, आणि त्याबद्दल त्यांना दक्षिणा द्यावी लागते. चिता रचणे, ती शेवटपर्यंत जळती ठेवणे, अर्धवट जळालेली लाकडे सारणे, राख गंगेत सोडणे आणि पुढच्या चितेसाठी जागा मोकळी करणे ही सारी कामे याच समाजातील माणसे करतात. घाटावरील हक्क कुटुंबाकुटुंबांत वाटलेले असून प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. या साऱ्यांच्या प्रमुखास ‘डोमराजा’ म्हणतात. राजा हरिश्चंद्राने सत्यासाठी स्वतःला काशीच्या एका डोमाला विकले आणि स्मशानात चाकरी केली, या पुराणकथेशी हा समाज आपली परंपरा जोडतो.

‘राजा’ या शब्दात मानही आहे आणि बोचही. त्याच्या अग्नीवाचून कोणाला मोक्ष नाही, म्हणून तो राजा. त्याच्या हातचे पाणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या कोणी घेतले नाही. उत्तर प्रदेशात डोम ही अनुसूचित जात आहे. मृत्यूच्या दारी ज्याच्यावाचून चालत नाही आणि घराच्या दारी जो चालत नाही, अशी या समाजाची स्थिती शतकानुशतके राहिली.

जगदीश चौधरी यांचे नाव देशभर पोहोचले ते २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत. वाराणसी मतदारसंघातून पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २६ एप्रिल २०१९ रोजी उमेदवारी अर्ज भरला, तेव्हा त्यांच्या प्रस्तावकांमध्ये चौधरी होते. पुढच्याच वर्षी, २५ ऑगस्ट २०२० रोजी, त्यांचे निधन झाले आणि पाच महिन्यांनी पद्मश्री जाहीर झाली. हा घटनाक्रम सांगताना राजकीय संदर्भ वगळणे योग्य होणार नाही. पण त्या संदर्भाने गोष्ट संपत नाही. ती पुरती कळण्यासाठी हे सन्मान कशासाठी निर्माण झाले, हे पाहावे लागेल.

‘रावबहादूर’ ते ‘पद्मश्री’

युरोपातील सन्मानव्यवस्थेचे मूळ मध्ययुगीन सरदारांच्या संघांत आहे. राजाशी निष्ठेची शपथ घेतलेल्या योद्ध्यांचा तो बंधुसंघ असे. इंग्रजीत त्याला ‘ऑर्डर’ म्हणतात. पुढे तलवार बाजूला पडली आणि हे संघ मुत्सद्दी, अधिकारी, उद्योगपती आणि समाजसेवक यांना मानाची पायरी देण्याचे साधन झाले. नेपोलियनने १८०२ मध्ये फ्रान्समध्ये स्थापलेला ‘लीजन ऑफ ऑनर’ आणि पंचम जॉर्जने १९१७ मध्ये स्थापलेला ‘ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर’ ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे. ब्रिटिश संघात पाच श्रेणी आहेत. वरच्या दोन श्रेणींतील पुरुष ‘सर’ आणि स्त्रिया ‘डेम’ म्हणवतात. खालच्या श्रेणींत शाळेतील परिचारिका, बचावपथकातील स्वयंसेवक, गावातील ग्रंथपाल अशांचाही समावेश होतो. सन्मानित व्यक्ती त्या संघाची सदस्य होते आणि नावापुढे त्याची आद्याक्षरे लावू शकते. ब्रिटिश राजसत्तेची प्रजा नसलेल्यांना हा मान केवळ मानद स्वरूपात मिळतो. उद्योगपती रतन टाटा यांना ब्रिटनने वरच्या श्रेणीचा सन्मान दिला, तरी ते ‘सर रतन’ झाले नाहीत, ते यामुळे.

ब्रिटिश अमदानीत हीच शिडी भारतातही उभी होती. ‘ऑर्डर ऑफ द स्टार ऑफ इंडिया’ची स्थापना १८६१ मध्ये आणि ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ची १८७८ मध्ये झाली. त्याखाली रावसाहेब, रावबहादूर, खानबहादूर, दिवाणबहादूर अशा किताबांची उतरंड होती. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांच्या दारांवर आणि शाळांच्या कोनशिलांवर हे किताब आजही वाचायला मिळतात. प्राच्यविद्यापंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर यांना ‘सर’ हा किताब मिळाला. लोकसेवेसाठी १९०० पासून ‘कैसर-ए-हिंद’ हे स्वतंत्र पदक देण्यात येऊ लागले. पंडिता रमाबाईंना ते १९१९ मध्ये मिळाले. गांधीजींनाही ते १९१५ मध्ये मिळाले होते. असहकाराच्या चळवळीत, १९२० मध्ये, त्यांनी ते परत केले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०४ मध्ये ‘सीआयई’ स्वीकारली, परंतु १९१४ मध्ये देऊ केलेला ‘सर’ हा किताब नम्रपणे नाकारला. परक्या सत्तेने दिलेला मान आणि लोकांची सेवा यांच्यातील ताण त्या पिढीने असा अनुभवला होता.

लोकांनी स्वतः दिलेल्या पदव्यांचा प्रवाह याच काळात वेगळा वाहत होता. मुंबईतील मांडवीच्या सभेत ११ मे १८८८ रोजी जोतीराव फुले यांना ‘महात्मा’ ही पदवी लोकांनी दिली. ‘लोकमान्य’, ‘महर्षी’, ‘कर्मवीर’ ही बिरुदे कोणत्याही राजपत्रात प्रसिद्ध झाली नाहीत, तरी ती टिकली. ‘डोमराजा’ हेही या अर्थाने लोकांनीच दिलेले नाव. फरक इतकाच की, ते पराक्रमासाठी मिळत नाही, जन्माने येते.

अनुच्छेद १७ आणि १८ यांचे शेजार

स्वातंत्र्यानंतर संविधान सभेने किताबांची शिडी मोडायचे ठरवले. संविधानाच्या अनुच्छेद १८ नुसार, सेनाविषयक वा विद्याविषयक मानविशेष वगळता, राज्यसंस्था कोणताही किताब देऊ शकत नाही. भारतीय नागरिकाला परदेशी राज्याकडून किताब स्वीकारता येत नाही. या तरतुदीच्या अगदी आधी येतो अनुच्छेद १७. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे आणि तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध आहे, असे तो सांगतो. मसुद्यातही हे दोन्ही अनुच्छेद लागोपाठ होते आणि १९४८ च्या अखेरीस त्यांवर एकापाठोपाठ चर्चा झाली.

हे शेजार अर्थपूर्ण आहे. एक अनुच्छेद जन्माने लादलेली नीचता काढून टाकतो, दुसरा सत्तेने बहाल केलेली उच्चता. मधल्या सपाट जमिनीवर उभा राहतो तो नागरिक. मणिकर्णिकेचा डोमराजा या दोन्ही अनुच्छेदांच्या कक्षेत येतो. अनुच्छेद १७ त्याच्यावरील अस्पृश्यतेचा कलंक बेकायदा ठरवतो. आणि त्याला मिळालेला राष्ट्रीय सन्मान अनुच्छेद १८ च्या मर्यादेतच राहावा लागतो.

राष्ट्रीय सन्मानांची नवी रचना २ जानेवारी १९५४ रोजी अस्तित्वात आली. तेव्हा ‘भारतरत्न’ आणि ‘पद्मविभूषण’ असे दोनच पुरस्कार होते. पद्मविभूषणाचे पहिला वर्ग, दुसरा वर्ग आणि तिसरा वर्ग असे भाग होते. वर्षभरातच, ८ जानेवारी १९५५ रोजी, त्यांना पद्मविभूषण, पद्मभूषण आणि पद्मश्री अशी नावे देण्यात आली. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे धोंडो केशव कर्वे यांना १९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. ‘रयत शिक्षण संस्थे’चे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील १९५९ मध्ये पद्मभूषणाने सन्मानित झाले.

हे पुरस्कार म्हणजे मागच्या दाराने आलेले किताबच नव्हेत काय, हा प्रश्न मात्र वारंवार उपस्थित झाला. जनता पक्षाच्या सरकारने जुलै १९७७ मध्ये ते बंद केले. जानेवारी १९८० मध्ये ते पुन्हा सुरू झाले. पुढे केरळ उच्च न्यायालयात आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात त्यांना आव्हान देण्यात आले आणि काही वर्षे पुरस्कार थांबले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘बालाजी राघवन विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात १५ डिसेंबर १९९५ रोजी निकाल दिला. गुणवत्तेची दखल घेणे समतेच्या तत्त्वाशी विसंगत नाही. हे पुरस्कार अनुच्छेद १८ मधील ‘किताब’ या संज्ञेत येत नाहीत. मात्र ते नावाच्या आधी वा नंतर लावता येणार नाहीत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तसे केल्यास पुरस्कार काढून घेण्याची तरतूद आहे. निवडीचे निकष काटेकोर असावेत आणि पुरस्कारांची संख्या आटोक्यात राहावी, अशी चिंताही न्यायालयाने व्यक्त केली.

याचा व्यवहारातील अर्थ असा की, निमंत्रणपत्रिकेवर, पाटीवर वा लेटरहेडवर नावाआधी ‘पद्मश्री’ लिहिणे नियमाला धरून नाही. पुरस्कारासोबत रोख रक्कम नसते. रेल्वे वा विमानप्रवासात सवलत नसते. राष्ट्रपतींच्या स्वाक्षरीची सनद, कमळाची आकृती असलेले पदक आणि समारंभात लावण्यासाठी त्याची छोटी प्रतिकृती एवढेच सन्मानितास मिळते. नाव भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होते. ब्रिटिश पद्धतीप्रमाणे कोणत्याही संघाचे सदस्यत्व मिळत नाही. सन्मान घेतलेली व्यक्ती दुसऱ्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने पूर्वीइतकीच सामान्य नागरिक असते.

निवड कशी होते?

पद्म पुरस्कारांसाठी पंतप्रधान दरवर्षी एक समिती नेमतात. मंत्रिमंडळ सचिव तिचे अध्यक्ष असतात. गृह सचिव, राष्ट्रपतींचे सचिव आणि चार ते सहा नामवंत व्यक्ती सदस्य असतात. समितीच्या शिफारशी पंतप्रधान आणि राष्ट्रपतींच्या मान्यतेसाठी जातात. कला, समाजकार्य, सार्वजनिक जीवन, विज्ञान व अभियांत्रिकी, व्यापार व उद्योग, वैद्यक, साहित्य व शिक्षण, क्रीडा, नागरी सेवा अशी क्षेत्रे ठरलेली आहेत. मरणोत्तर पुरस्कार, तसेच अनिवासी भारतीय आणि परदेशी व्यक्ती वगळता, एका वर्षात १२० पेक्षा अधिक पुरस्कार देता येत नाहीत. सेवेत असलेले सरकारी कर्मचारी पात्र नसतात. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ त्याला अपवाद आहेत.

निकषांत एक महत्त्वाची अट आहे. केवळ आपल्या क्षेत्रातील प्रावीण्य पुरेसे नाही. त्या प्रावीण्यात लोकसेवेचा अंश असला पाहिजे. हीच अट या पुरस्कारांना इतर गुणगौरवांपासून वेगळे करते.

मरणोत्तर सन्मानाबाबत नियम सावध आहे. पद्म पुरस्कार सामान्यतः मरणोत्तर दिले जात नाहीत. मात्र अत्यंत योग्य व्यक्तीचा मृत्यू अलीकडचा, म्हणजे संबंधित प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या साधारण एका वर्षातील असेल, तर अपवाद करता येतो. जगदीश चौधरी यांचा पुरस्कार या अपवादात बसला. त्या वर्षी अशा मरणोत्तर सन्मानांची संख्या १६ होती.

नामांकन कोणीही करू शकते, हा नियम अनेकांना ठाऊक नसतो. राज्य सरकारे, मंत्रालये आणि पूर्वीचे मानकरी यांच्याबरोबरच सामान्य नागरिकही नाव सुचवू शकतो. स्वतःचे नाव पाठवण्यासही मनाई नाही. २०१७ च्या पुरस्कारांपासून ही प्रक्रिया ऑनलाइन झाली. त्यानंतर खेड्यापाड्यांत, प्रसिद्धीपासून दूर काम करणाऱ्यांची नावे यादीत अधिक दिसू लागली. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील देशी बियाण्यांचे जतन करणाऱ्या राहीबाई पोपेरे आणि हिवरेबाजारचे पोपटराव पवार यांचा २०२० मधील सन्मान महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. सन्मानितांचा परिचय सरकार प्रसिद्ध करते. परंतु एकाची निवड का झाली आणि दुसऱ्याची का नाही, याची कारणे प्रसिद्ध होत नाहीत. पुरस्कारांवर राजकीय पक्षपाताचा आक्षेप प्रत्येक सरकारच्या काळात घेतला जातो, त्याचे एक कारण हेही आहे.

मृत्यूशी निगडित सेवेची दखल

डोमराजांचा सन्मान त्या काळात एकटा नव्हता. अयोध्येचे सायकल दुरुस्ती करणारे मोहम्मद शरीफ यांना २०२० मध्ये समाजकार्यासाठी पद्मश्री जाहीर झाली. तरुण मुलाची हत्या झाली आणि त्याच्या देहावर कुटुंबाच्या हातून अंत्यसंस्कार होऊ शकले नाहीत; त्यानंतर कोणाचाही देह बेवारस जाऊ नये म्हणून त्यांनी हजारो अनोळखी मृतांचे, ज्याच्या त्याच्या धर्मानुसार, अंत्यविधी केले. दिल्लीत रुग्णवाहिका आणि बेवारस देहांच्या अंत्यसंस्काराचे काम उभारणारे जितेंद्रसिंग शंटी २०२१ च्या यादीत होते. राजस्थानातील अलवरच्या उषा चौमर यांनी लहानपणापासून हाताने मैला साफ करण्याचे काम केले होते. ते सोडून इतर स्त्रियांनाही त्यातून बाहेर काढल्याबद्दल त्यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली.

कोरोना साथीमुळे २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षांचे समारंभ लांबले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपती भवनात लागोपाठ पार पडले. राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी सन्मान प्रदान केले. घोषणा आणि समारंभ यांच्या मधल्या काळात साथीची दुसरी लाट येऊन गेली होती. एप्रिल-मे २०२१ मध्ये देशभरच्या स्मशानांत जागा अपुरी पडली, नातलग देहाजवळ येण्यास धजावत नव्हते, आणि चिता पेटत्या ठेवणारे हात मात्र थांबले नव्हते. जानेवारीत जाहीर झालेल्या पद्मश्रीचा अर्थ नोव्हेंबरपर्यंत साऱ्या देशाने पाहिला होता.

सन्मान व्यक्तीचा की वहिवाटीचा?

येथे महाराष्ट्राचा अनुभव उपयोगी पडतो. मराठी मुलखात गावगाड्यात मृत्यूशी संबंधित कामे महार समाजाकडे होती. मयताची वार्ता दुसऱ्या गावी पायी पोहोचवणे, सरणासाठी लाकडे नेणे ही त्यांपैकी काही. या चाकरीच्या मोबदल्यात वतनी जमिनीचा तुकडा आणि बलुते मिळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात या वतनांविषयी विधेयक मांडले. वतन हा मान नसून पिढीजात बंधन आहे. थोड्या जमिनीच्या मोहाने एक अख्खा समाज चाकरीला जुंपलेला राहतो, हे त्यांच्या भूमिकेचे सार होते. अखेर १९५८ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने महार वतनासह गावकीची कनिष्ठ वतने रद्द झाली.

त्या कसोटीवर मणिकर्णिकेचा सन्मान तपासला, तर दोन अर्थ समोर येतात. एक अर्थ असा की, ज्या कामाला समाज विटाळ मानत आला, त्याला देशाने पहिल्यांदा लोकसेवा म्हटले. हा अनुच्छेद १७ चाच विस्तार आहे. दुसरा अर्थ चिंतेचा आहे. जन्माने वाट्याला आलेल्या कामाचा गौरव करताना, ते काम त्याच घरात राहावे याला नकळत मान्यता तर मिळत नाही ना? डोमराजाचे पद पित्याकडून पुत्राकडे जाते, आणि मानाबरोबर चितेच्या धुरात उभे राहण्याची पाळीही वारशाने येते.

उषा चौमर यांचा आणि जगदीश चौधरी यांचा सन्मान शेजारी ठेवल्यास हा भेद स्पष्ट होतो. चौमर यांचा गौरव एक काम सोडल्याबद्दल आणि सोडवल्याबद्दल झाला; चौधरी यांचा गौरव एक काम सांभाळल्याबद्दल. मैला वाहणे कायद्याने बंद व्हावे असेच काम आहे, त्यामुळे पहिल्या सन्मानाचा रोख सरळ आहे. अंत्यसंस्काराचे काम मात्र कधीच बंद होणारे नाही. प्रत्येक गावाला, प्रत्येक कुटुंबाला कधी ना कधी त्याची गरज लागते. म्हणूनच येथे प्रश्न काम संपवण्याचा नसून त्याची जन्माशी घातलेली गाठ सोडवण्याचा, त्याला योग्य मेहनताना, सुरक्षा साधने आणि आरोग्यसेवा मिळवून देण्याचा आहे. मणिकर्णिकेवर आग आणि धूर यांच्यात तासन्‌तास उभे राहणाऱ्या कामगाराची मिळकत दक्षिणेवर आणि पाळीवर अवलंबून असते. घाटाचा प्रमुख आणि घाटावरचा मजूर यांच्या उत्पन्नातही अंतर आहे. प्रमुखाला मिळालेले पदक मजुराच्या हातापर्यंत आपोआप पोहोचत नाही.

सन्मानाच्या मर्यादेची जाणीव खुद्द सन्मानितांनीही वेळोवेळी करून दिली आहे. कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभारणारे बाबा आमटे यांना १९७१ मध्ये पद्मश्री आणि १९८६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. नर्मदा खोऱ्यातील विस्थापितांच्या प्रश्नावर १९९१ मध्ये त्यांनी ते परत केले. रामकृष्ण मिशनचे स्वामी रंगनाथानंद यांनी २००० मध्ये पद्मविभूषण स्वीकारले नाही, कारण तो संस्थेला नव्हे, व्यक्तीला दिलेला होता. सेवा हे अनेकांचे मिळून होणारे काम, आणि पदकावर मात्र एकच नाव. हा पेच मणिकर्णिकेवर अधिकच ठळक होतो, कारण तेथे एका चितेमागे अनेक हात असतात.

घाट बदलतो आहे

मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र या दोन्ही स्मशानघाटांच्या पुनर्विकासाची पायाभरणी जुलै २०२३ मध्ये झाली. दहनासाठी सुधारित चौथरे, लाकूड साठवणुकीची सोय, नातलगांसाठी बसण्याची जागा, धूर आणि राखेचे नियोजन अशा गोष्टींची गरज येथे फार पूर्वीपासून होती. हरिश्चंद्र घाटावर विद्युतदाहिनीही आहे. परंतु मणिकर्णिकेवरील लाकडाच्या चितेची ओढ कमी झालेली नाही. नव्या रचनेत जुन्या पाळ्यांचे आणि हक्कांचे काय होणार, हा डोम कुटुंबांच्या दृष्टीने पोटापाण्याचा प्रश्न आहे. ज्या सेवेला देशाने लोकसेवा म्हणून गौरवले, ती करणाऱ्यांचे म्हणणे या फेररचनेत ऐकले जाणे, हे त्या गौरवाशी सुसंगत ठरेल.

पद्म पुरस्काराचे सामर्थ्य त्याच्या मोजक्या स्वरूपात आहे. त्याने पैसा मिळत नाही, पदवी मिळत नाही, अधिकार मिळत नाही. मिळते ती राजपत्रातील एक नोंद. हे काम देशाने पाहिले आहे आणि ते देशाच्या उपयोगी पडले आहे, असे ती नोंद सांगते. ज्या समाजाचे नाव शतकानुशतके केवळ विटाळाच्या संदर्भात घेतले गेले, त्याच्यासाठी ही नोंद लहान नाही. तिचा पुढचा अर्थ मात्र घाटावर ठरेल. डोम समाजातील मुलाला शाळा, महाविद्यालय आणि अन्य रोजगार यांची वाट खुली असेल, आणि तरीही कोणी हे काम स्वेच्छेने पत्करले तर त्याला योग्य वेतन व सन्मानाची वागणूक मिळेल, तेव्हा ‘डोमराजा’ या नावातील बोच निघून जाईल.

अशा सेवेची नोंद करण्याचे दार नागरिकांसाठी उघडे आहे. केंद्रीय गृह मंत्रालय दरवर्षी पद्म पुरस्कारांसाठी मुदत जाहीर करते. राष्ट्रीय पुरस्कारांच्या संकेतस्थळावर नामांकन भरता येते. त्यासोबत संबंधित व्यक्तीच्या कार्याचा कमाल ८०० शब्दांतील परिचय द्यावा लागतो. शुल्क नाही आणि शिफारसपत्राची सक्तीही नाही. पुणे, नागपूर, कोल्हापूर, मुंबई अशा शहरांतही साथीच्या काळात अनोळखी मृतांना खांदा देणारी, रात्री-अपरात्री स्मशानात थांबणारी माणसे होती. त्यांतील अनेकांची नावे त्यांच्या गल्लीपलीकडे कोणाला माहीत नाहीत. ती ज्यांना माहीत आहेत, त्यांनीच ती कळवायची आहेत.